व्हिसाशिवाय फ्रान्सला जाताना: ९० दिवस नेमके कसे मोजायचे

ब्रिटिश पासपोर्टवर फ्रान्सला जायला व्हिसा लागत नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन किंवा सिंगापूरचा पासपोर्ट असेल तरी थोड्या दिवसांच्या मुक्कामाचे नियम हेच. पण व्हिसा नाही म्हणजे अटीही नाहीत, असं समजून निघालेली माणसं लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातल्या फ्रेंच खिडकीवरच अडकतात. युरोस्टारमध्ये बसण्याआधी फ्रेंच सीमा पोलीस तिथेच पासपोर्ट तपासतात. डोव्हरच्या फेरीबोटीला आणि फोकस्टनच्या बोगद्यालाही तीच पद्धत. म्हणजे कागदांत चूक असेल तर पॅरिसला नव्हे, लंडनमध्येच परत फिरायची वेळ येते.

घरात कोणाचा पासपोर्ट कुठला, ते आधी बघा

ब्रिटनमधल्या आपल्या घरांत बहुतेकदा दोन प्रकारचे पासपोर्ट असतात. भारतीय पासपोर्ट असेल त्याला शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या २९ देशांच्या शेंगेन गटाचा सामाईक व्हिसा, लागतोच. ब्रिटनमध्ये कायमचं राहायची परवानगी आहे, अमेरिकेचं ग्रीन कार्ड आहे, नवरा ब्रिटिश नागरिक आहे, यातल्या कशानेही ती अट सुटत नाही. ओसीआय कार्ड भारतात जायला उपयोगी. फ्रान्सच्या सीमेवर त्याला काही अर्थ नाही. पुण्याहून ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना घेऊन चार दिवस पॅरिस करायचं असेल, तर त्यांनी शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून यावा. अर्ज जिथे कायदेशीर वास्तव्य आहे तिथे करायचा असतो. इथे आल्यावर बघू, असं म्हणाल तर तिकिटं वाया जातील.

पासपोर्टच्या दोन तारखा

संपण्याची तारीख एकटी पुरत नाही. ज्या दिवशी फ्रान्समध्ये शिराल त्या दिवशी पासपोर्ट दिल्याला दहा वर्षं झालेली नसावीत, आणि ज्या दिवशी बाहेर पडाल त्यानंतर तो किमान तीन महिने वैध असावा. या दोन वेगळ्या अटी आहेत, दोन्ही पाळाव्या लागतात. सप्टेंबर २०१८ च्या आधी ब्रिटिश पासपोर्टचं नूतनीकरण करताना जुन्याचे उरलेले महिने, जास्तीत जास्त नऊ, नव्यात मिळवून देत असत. त्यामुळे मे २०१६ मध्ये दिलेल्या पासपोर्टावर जानेवारी २०२७ छापलेलं असू शकतं. तो जून २०२६ मध्ये फ्रान्सला चालणार नाही, शेवटचे सात महिने डोळ्यांसमोर छापलेले असले तरी. विमानतळावरून माणसं परत पाठवली जातात ती अनेकदा अशाच पासपोर्टांमुळे.

सोबतचे कागद

परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, प्रवासी विमा, आणि खर्चाला पैसे असल्याचा पुरावा. फ्रान्सचा हिशेब हॉटेल बुकिंग असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो आणि काहीच बुकिंग नसेल तर १२० युरो असा आहे. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर यजमानाने आपल्या गावच्या नगरपालिकेतून, म्हणजे ‘मेरी’तून, ‘आतेस्तासियों दाक्योय’ नावाचा दाखला काढायचा असतो. त्याला ३० युरोचा स्टॅम्प लागतो. पाहुण्याने प्रवासात मूळ प्रत जवळ ठेवायची, फोनमधला फोटो धरू नये. दाखला मिळायला काही आठवडे जाऊ शकतात, म्हणून तिकीट काढलं की लगेच यजमानाला कामाला लावा. ‘कोणी विचारत नाही’ हा सल्ला ऐकू नका. रोज विचारत नाहीत हे खरं, पण विचारतात तेव्हा ‘विसरलो’ हे उत्तर चालत नाही.

९० दिवसांचा हिशेब

गडबड होते ती इथे. चार दिवसांची सहल वर्षातून एकदा करणाऱ्याने हा भाग वाचला नाही तरी चालेल. पण लेक ल्योंला आणि नातवंडं सांभाळायला वर्षातून तीन फेऱ्या, अशा आजीआजोबांनी तो कागद-पेन घेऊन वाचावा.

नियम एका वाक्याचा आहे: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. सगळा घोळ ‘कुठल्याही’ या शब्दाचा आहे. पहिल्यांदा शिरलात तिथून १८० दिवसांची पाटी सुरू झाली, ती संपली की पाटी कोरी, असं बहुतेकांना वाटतं आणि तेच एकमेकांना सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. मोजणी उलटी, मागे मागे होते. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून, मागचे १८० दिवस घ्यायचे आणि त्यांत किती दिवस आत होतात ते मोजायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर १८० घरांची कागदी पट्टी ठेवली आहे अशी कल्पना करा. पट्टी रोज एक घर पुढे सरकते. एका टोकाने आजचा दिवस आत येतो, दुसऱ्या टोकाने सगळ्यांत जुना दिवस गळून पडतो. पट्टीखाली कधीही ९० पेक्षा जास्त दिवस दिसता कामा नयेत.

२०२६ सालचं उदाहरण घ्या. ब्रिटिश पासपोर्ट असलेली एक आजी लेकीकडे जाते. पहिली फेरी २० मार्च ते १८ एप्रिल: ३० दिवस. जाण्याचा आणि परतीचा, दोन्ही दिवस पूर्ण धरायचे. रात्री अकराला उतरलात तरी तो एक दिवसच. दुसरी फेरी १ जून ते १५ जुलै: ४५ दिवस. झाले ७५. आता गणपती १४ सप्टेंबरला, म्हणून तिला १ सप्टेंबरलाच जायचंय आणि ८ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजनही नातवंडांबरोबर करायचंय.

चुकीचा हिशेब असा सांगतो: २० मार्चपासूनचे १८० दिवस १५ सप्टेंबरला संपतात, तोवर ७५ आणि १५ मिळून बरोबर ९० भरतात, आणि १६ सप्टेंबरपासून नवे ९० दिवस सुरू. म्हणजे दिवाळी आरामात. या भरवशावर तिकीट काढलं तर आजी कायद्याने जादा राहिलेली ठरेल.

खरा हिशेब करू. १५ सप्टेंबरला पट्टी २० मार्चपर्यंत मागे जाते आणि तिच्याखाली ३०, ४५ आणि १५ मिळून ९० दिवस आहेत. १६ सप्टेंबरला नवा दिवस आत आला, पण २० मार्च गळला, म्हणून बेरीज ९० वरच राहिली. १७ ला २१ मार्च गळला. मार्च-एप्रिलच्या फेरीचे ३० दिवस असे रोज एक गळत जातात, तोवर आजी राहू शकते. १५ ऑक्टोबरला पट्टी १९ एप्रिलला सुरू होते, म्हणजे पहिली फेरी संपली. खाली उरले जून-जुलैचे ४५ आणि या फेरीचे ४५. १६ ऑक्टोबरला आकडा ९१ होतो. म्हणजे १५ ऑक्टोबरला बाहेर पडायला हवं. २० ऑक्टोबरचा दसरासुद्धा मिळत नाही, दिवाळी तर दूरच.

दिवाळी हवीच असेल तर गणपती सोडावे लागतील. सलग ९० दिवस पूर्ण बाहेर राहिलं की पुढचे ९० दिवस मोकळे मिळतात, हा या नियमातला सर्वांत उपयोगी भाग आहे. १५ जुलैला बाहेर पडलेली आजी १६ जुलै ते १३ ऑक्टोबर हे ९० दिवस बाहेर राहिली, तर १४ ऑक्टोबरला शिरून ११ जानेवारीपर्यंत राहू शकते. दसरा, दिवाळी आणि संक्रांतीच्या थोडे दिवस आधीपर्यंत नातवंडं. वर्षाचं वेळापत्रक आखताना मी हाच मार्ग सुचवेन. पट्टीच्या टोकावर एकेक दिवस मोजत राहण्यात धोका आहे: परतीची बोट रद्द झाली किंवा रेल्वेचा संप झाला की आकडा ९१ होतो. शेवटचे दोन-तीन दिवस नेहमी हाताशी राखून ठेवा.

‘तीन महिने’ आणि ‘सहा महिने’ हे शब्द या कामात वापरूच नका. १ जुलै ते ३० सप्टेंबर हे तीन महिने म्हणजे ९२ दिवस.

हे ९० दिवस एकट्या फ्रान्सचे नाहीत. शेंगेनच्या २९ देशांचा मिळून एकच आकडा असतो. रोमचे पाच दिवस, झुरिकचे तीन, सगळे त्याच पट्टीखाली. क्रोएशिया २०२३ पासून यात आहे, रोमानिया आणि बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले, त्यामुळे ‘मधे चार दिवस झाग्रेबला जाऊन ये म्हणजे दिवस वाचतील’ हा जुना सल्ला आता नुकसान करेल. आयर्लंड आणि सायप्रस बाहेर आहेत. तिथले दिवस धरत नाहीत. आणि मोजणी माणसाची होते, पासपोर्टच्या पुस्तिकेची नाही. मधे पासपोर्ट नवा केला म्हणून दिवस पुसले जात नाहीत.

हिशेब ठेवायला एक्सेलची तीन रकान्यांची शीट पुरते. पहिल्यात ओळीने तारखा, पहिल्या फेरीच्या किमान १७९ दिवस आधीपासून. दुसऱ्यात आत असाल त्या दिवशी १, नाहीतर ०. तिसऱ्यात ती ओळ धरून वरच्या १८० ओळींची बेरीज. पुढच्या फेरीच्या तारखा आधीच १ ने भरा. ज्या ओळीत ९१ दिसेल त्याच्या आदल्या दिवसाचं परतीचं तिकीट काढा. युरोपियन कमिशनच्या वेबसाइटवर गणकयंत्रही आहे, त्यावर ताळा करून घ्या. भरवसा मात्र स्वतःच्या शीटवर ठेवा, कारण जुन्या फेऱ्यांच्या तारखा तुम्हालाच भरायच्या असतात आणि चूक तिथेच होते.

आजारपण किंवा तसंच काही गंभीर कारण आलं, तर दिवस संपण्याआधी स्थानिक प्रेफेक्चरमध्ये, म्हणजे फ्रेंच सरकारच्या जिल्हा कार्यालयात, कागदपत्रांसह जा. संपल्यावर गेलात तर बाजू लंगडी पडते.

सीमेवर

१२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस (एंट्री-एक्झिट सिस्टीम) ही शेंगेनमधली ये-जा नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पूर्ण अंमलबजावणीसाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली होती. पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. याला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, म्हणून नेहमीपेक्षा लवकर पोचा. मेंदी ताजी असेल किंवा बोटांना भेगा असतील तर ठसा उमटायला त्रास होऊ शकतो. लग्नाहून थेट निघणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

या नोंदणीमुळे ९० दिवसांचा हिशेब आता यंत्र करतं. पूर्वी पुसट शिक्क्यांमुळे एखादा दिवस सुटून जायचा, तो आता सुटणार नाही. तसंच बाहेर पडल्याची नोंद झाली नाही तर तुम्ही अजून आतच आहात असं दिसेल. म्हणून बोर्डिंग पास, युरोस्टारचं तिकीट आणि परत आल्या दिवशीची इथल्या दुकानातली कार्डची पावती वर्षभर जपून ठेवा.

एटियास ही वेगळी गोष्ट आहे: निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी, फी २० युरो, १८ वर्षांखालच्यांना आणि ७० वर्षांवरच्यांना माफ. २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत ती सुरू करायचं ठरलं आहे. ती सुरू होण्याआधीच तिच्या नावाने पैसे मागणाऱ्या वेबसाइट निघाल्या आहेत. खरी वेबसाइट युरोपियन युनियनच्या अधिकृत पत्त्यावरच असेल. एटियास मिळालं म्हणून ९० दिवसांचे ९१ होत नाहीत.

डबा

ब्रिटनमधून किंवा भारतातून फ्रान्समध्ये शिरताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. श्रीखंड, पेढे, पनीर, तूप घरीच ठेवा. आंब्याच्या पेटीला आणि कढीपत्त्याला रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो, तो घरगुती प्रवाशाकडे नसतो. केळी, नारळ, खजूर आणि अननस यांना मात्र सूट आहे. चिवडा, शंकरपाळी, कोरडे मसाले बिनधास्त न्या.