ओरखडे राहू द्या, चिखल काढा

पांदणीतून वावरात गाडी न्यायची म्हटलं की बाभळीच्या फांद्या दोन्ही अंगांनी घासणारच. तेवढ्यासाठी डांबरी रस्त्यावर गाडी ठेवून पायपीट करण्यात काही हशील नाही. ओरखड्यावर नख फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे, सोडून द्या. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र पावसाळ्याआधी टच-अप रंग लावाच, नाहीतर गंज धरतो.

खरी काळजी खालच्या बाजूची. काळी माती चाकांच्या वरच्या पोकळीत, चिखलपट्ट्यांमागे गच्च बसते आणि ओल धरून ठेवते. बोनेट चकाचक ठेवणारे तिथे हातही घालत नाहीत! विहिरीवरची मोटर चालू असली की पाइप धरा, माती मऊ पडू द्या, मग हाताने खरवडा. फवारणीचा पंप नको, त्यात औषध राहिलेलं असतं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, तीही काडीने मोकळी करा.

आणि धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं मारू नका. आधी पाणी. मे महिन्यात तर सकाळी लवकरच धुवा. तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच वाळून क्षारांचे पांढरे डाग पडतात.