पूर्णवेळ आरव्हीत राहायला जाण्याआधी: आधी वजन, मग बाकीचे

अमेरिकेतले घर सोडून मुलाबाळांसह आरव्हीत, म्हणजे पिकअप ट्रकमागे ओढायच्या ट्रेलरसारख्या फिरत्या घरात, राहायला निघणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही तयारी लिहीत आहे. मागच्या वेळी आम्ही भरलेला ट्रेलर काट्यावर न नेताच निघालो आणि भर महामार्गावर टायर फुटला, म्हणून यातला वजनाचा भाग कोणीही वगळू नये.

कागदपत्रांपासून सुरुवात करावी. एच-१बी (कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या) व्हिसावर असाल तर हा बेत तूर्त बाजूला ठेवावा, कारण तो व्हिसा कामाच्या ठरलेल्या ठिकाणाशी जोडलेला असतो आणि त्या महानगर क्षेत्राबाहेर काम हलवायचे झाल्यास कंपनीला आधी दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. दर पंधरवड्याला राज्य बदलणाऱ्यासाठी कोणतीही कंपनी ते करत बसणार नाही. ग्रीन कार्डधारकांना मोकळीक आहे, मात्र बदललेला पत्ता १० दिवसांच्या आत कळवावा लागतो आणि कार्ड सतत जवळ बाळगावे लागते. टेक्सास आणि ॲरिझोनाच्या दक्षिण भागात सीमा गस्तीच्या चौक्या महामार्गावरच लागतात. कायमचा पत्ता म्हणून बहुतेक जण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा मुरलेल्या आहेत. साउथ डकोटात तर टपालाचा पत्ता आणि राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवून वाहन परवाना काढता येतो. पण कराआधी आरोग्य विमा पाहावा. अनेक योजना आपल्या ठरलेल्या डॉक्टर-रुग्णालयांच्या जाळ्याबाहेर फक्त तातडीच्या उपचारांचे पैसे देतात, आणि मुलाचा कान दुखणे त्यात बसेलच असे नाही.

आता वजन. ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त किती पौंड सामान भरता येईल याचे स्टिकर ट्रेलरवरच असते, आणि तो ओढणाऱ्या पिकअप ट्रकच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर माणसे व सामान मिळून किती भार चालेल याचे दुसरे स्टिकर असते. हे दुसरे स्टिकर कोणी वाचत नाही, आणि गफलत तिथेच होते. ओढायच्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचमार्फत (ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या सांध्यातून) ट्रकवर येतो, म्हणजे ७,००० पौंडांचा ट्रेलर ट्रकवर ७०० ते १,०५० पौंड टाकतो. त्यावर चार माणसे, सायकली आणि अवजारांची पेटी चढवली की साध्या पिकअपची मर्यादा संपते. विक्रेता ‘हा ट्रक सहज ओढेल’ असे सांगतो. ओढणे आणि भार पेलणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विक्रेता तुमच्या तांदळाच्या २० पौंडांच्या पिशव्या, पिठाची पोती, बिडाचा तवा आणि वेट ग्राइंडरचा दगड मोजत नाही.

म्हणून सगळे सामान, पाणी आणि गॅस भरून, सर्वांना गाडीत बसवून, ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वाहनांच्या वजनकाट्यावर) जावे. ट्रकची पुढची चाके पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची तिसऱ्यावर उभी करावीत. काट्यावरच्या कर्मचाऱ्याशी बोलायचे बटण मोठ्या ट्रकच्या चालकाच्या उंचीवर असते, तेव्हा खाली उतरावे लागले तर संकोच करू नये. चिठ्ठी हातात आल्यावर ट्रेलर बाजूला सोडून ट्रक एकटा पुन्हा तोलावा, म्हणजे हिचवर खरोखर किती भार येतो ते कळते. अंदाजावर जाऊ नये, आणि शेजाऱ्याच्या ट्रेलरचा आकडा आपला मानू नये. न्यू जर्सीतल्या एडिसनला ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून सहा महिन्यांचा किराणा भरला असेल तर पुन्हा वजन करावे. आजी-आजोबा भारतातून येऊन दोन महिने सोबत फिरणार असतील तर पुन्हा करावे.

टायरची जाडी पाहून समाधान मानू नये. बाजूवर कोरलेल्या शेवटच्या चार अंकांतून वय कळते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी जुने रबर आतून खराब झालेले असते, आणि जास्त भार पडला की ते तापून फुटते. हवा टायर थंड असताना तपासावी.

पाण्याचे वजनही धरावे: एक गॅलन म्हणजे सुमारे ८.३ पौंड, तेव्हा ५० गॅलनची टाकी भरून घाट चढणे म्हणजे ४०० हून अधिक पौंड विनाकारण वाहणे होय. कॅम्पग्राउंडवर पाणी मिळणार असेल तर टाकी थोडीच भरावी. नळाला दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि विजेच्या खांबाला सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून उपकरणे वाचवणारे साधन) लावल्याशिवाय काहीही जोडू नये. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॉट मिळतात. इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह आणि एसी एकत्र चालणार नाहीत. मैल्याच्या टाकीची झडप एरवी बंद ठेवावी, आणि रिकामे करताना आधी ती टाकी व मग सांडपाण्याची सोडावी, म्हणजे नळी धुतली जाते. मिरचीच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजतो, म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारे लोक भेटतात. तसे कधीही करू नये; पंखा लावावा, छताची खिडकी उघडावी. झोपायच्या जागेत गॅसची गळती आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन्हींचे सूचक चालू असलेच पाहिजेत.

मुलांच्या घरच्या शिक्षणाचे नियम कायमच्या पत्त्याच्या राज्यावर ठरतात: टेक्सासमध्ये नोंदणीही लागत नाही, न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. चौथीतल्या मुलाला राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा मोफत पास मिळतो, तो जरूर घ्यावा. मुलांना चालत्या ट्रेलरमध्ये बसवू नये.

मार्ग ट्रकसाठीच्या नकाशावर पाहावा. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहन नेता येत नाही. सार्वजनिक जमिनींवर मुक्काम सहसा १४ दिवसांचा. थंडीआधी दक्षिणेकडे.

निघायच्या सकाळी हिचची पिन, साखळ्या, ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी केबल, दिवे, पायरी आत, खिडक्या बंद, वजनाची चिठ्ठी गाडीत. चाके नुकतीच बदलली असतील तर ५० मैलांवर थांबून नट पुन्हा आवळावेत.