टाकीचा व्हॉल्व्ह उघडा की बंद: खूण कशी करायची आणि कशी वाचायची

डाळिंबाच्या बागेतला ठिबकचा बॉल व्हॉल्व्ह बांधावरूनच ओळखता येतो. दांडी पाइपाच्या रेषेत असली तर चालू, आडवी असली तर बंद. पाण्याखाली श्वासासाठी पाठीवर नेतात त्या स्कूबा टाकीच्या व्हॉल्व्हचं तसं नाही. पूर्ण बंद ते पूर्ण उघडा यासाठी बहुतेक व्हॉल्व्हना दोनाहून जास्त फेरे लागतात आणि एवढं फिरूनही नॉब ना बाहेर येतो, ना आत जातो. बाजूने पाहणाऱ्याला दोन्ही स्थिती सारख्याच दिसतात.

नॉबवर एक आणि व्हॉल्व्हच्या अंगावर एक अशा रेघा मारून हा प्रश्न सुटत नाही. रेघा दर फेऱ्याला पुन्हा जुळतात, म्हणजे एक फेरा उघडलेला व्हॉल्व्ह आणि तीन फेरे उघडलेला व्हॉल्व्ह रेघेला एकच वाटतात. खरा इंडिकेटर फेरे मोजणारा हवा. तयार मिळणाऱ्या इंडिकेटर नॉबमध्ये नॉब फिरला की रंगाची पट्टी हळूहळू सरकते. पूर्ण उघडल्यावर हिरवी दिसते, बंद केल्यावर लाल. टेक डायव्हिंगसाठी (जास्त खोल, जास्त टाक्या लागणाऱ्या डायव्हिंगसाठी) विकत घ्यायचा तर असाच घ्या.

रेघ तरीही मारावी, पण वेगळ्या कामासाठी. पूर्ण उघडलेल्या स्थितीत मारलेली रेघ ‘नॉब जागचा हलला का’ एवढं सांगते, आणि ट्विनसेटवर (पाठीवरच्या जोडलेल्या दोन टाक्यांवर) ही माहिती फार मोलाची असते. पद्धत अशी:

१. टाकीत दाब असताना व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने बंद करा. बोटांच्या जोराने जितका बसतो तितकाच, त्याहून जास्त आवळू नका. आतली सीट मऊ असते. ती दाबली गेली की पुढच्या वेळी आणखी जोर लागतो आणि शेवटी व्हॉल्व्ह गळायला लागतो.

२. रेग्युलेटर (टाकीचा दाब कमी करून श्वासाला गॅस देणारं यंत्र) जोडा, गेजची काच स्वतःपासून आणि इतरांपासून दूर वळवा, मग हळू उघडा. अर्धा-अर्धा फेरा मोजत थांब्यापर्यंत, म्हणजे नॉब पुढे फिरत नाही तिथपर्यंत जा. आलेला आकडा टाकीच्या गळ्याजवळ टेपवर लिहा. दोन व्हॉल्व्हचे आकडे सारखेच येतील असं गृहीत धरू नका.

३. थांब्याला लागला की तिथेच सोडा. नॉबचा आणि अंगाचा थोडा भाग स्पिरिटने पुसून ऑइल पेंट मार्करने दोन्हीवर सलग एक रेघ ओढा. ती पूर्ण वाळू द्या.

रंग ओ-रिंगपाशी (रबरी सीलपाशी) किंवा रेग्युलेटर जिथे बसतो त्या तोंडापाशी जाता कामा नये. टाकी ऑक्सिजनची किंवा जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाची असेल तर हे आणखी कडक पाळा. तिथे तेल, साधं ग्रीस किंवा टेपचा चिकट अंश गॅसच्या वाटेत गेला, तर उघडताना होणाऱ्या दाबवाढीच्या उष्णतेने आग लागू शकते.

आणखी एक. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर काहीही करून मिळतं, पण व्हॉल्व्हच्या स्पिंडलला भोक पाडून सुई बसवण्याच्या भानगडीत पडू नका. दोनशे बार (हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट) दाबाच्या भागावर घरगुती ड्रिल चालत नाही.

आता जुन्या सवयीबद्दल. ‘पूर्ण उघड, मग पाव फेरा मागे घे’ असं अजूनही शिकवलं जातं. ते सोडून द्यावं, कारण इंडिकेटरचा सगळा अर्थ दोन टोकांवर उभा आहे आणि ही सवय मुद्दाम मधली स्थिती तयार करते. खरा धोका उलट्या बाजूने येतो: मदतनीस दिशा चुकून व्हॉल्व्ह पूर्ण बंद करतो, मग पाव फेरा ‘मागे’ घेतो. आता व्हॉल्व्ह पाव फेराच उघडा आहे. किनाऱ्यावर गेज पूर्ण दाब दाखवतं, श्वासही येतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणारा डायव्हर ४० मीटरवर पाच पट, म्हणजे १०० लिटर ओढतो. तिथे तेवढा गॅस येत नाही.

म्हणून इंडिकेटर हिरवा असला तरी श्वासाची चाचणी टाळायची नाही. गेजकडे बघत प्रत्येक रेग्युलेटरवरून चार-पाच खोल श्वास घ्या. काटा स्थिर राहायला हवा. श्वासासरशी काटा पडून पुन्हा वर येत असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. मात्र ही चाचणी थोडा उघडा व्हॉल्व्ह दर वेळी पकडेलच असं नाही, त्यामुळे त्यानंतर नॉब हाताने थांब्यापर्यंत नेऊन बघायचाच.

ट्विनसेटमध्ये डाव्या व्हॉल्व्हवर जास्त लक्ष ठेवा. वर छत असलेल्या जागेत पुढे जाताना नॉब वर घासला की त्याची वरची कड मागे ढकलली जाते. डावीकडे तोंड असलेला नॉब यामुळे बंद होत जातो, उजवा उघडत जातो. गेज आणि बॅकअप रेग्युलेटर बहुधा डाव्या बाजूलाच असतं, त्यामुळे गेज अडकलेला जुना आकडा दाखवत राहतं आणि गॅस भरपूर आहे असं वाटतं. रबरी नॉब छताला चांगला पकडतो, म्हणून घासल्यावर लवकर फिरतो.

दोन टाक्या एकमेकींपासून तोडणारा मधला व्हॉल्व्ह, म्हणजे आयसोलेटरही तितकाच फसवा. भरताना तो बंद राहिला तर एकच टाकी भरते. डाइव्हदरम्यान बंद राहिला तर डायव्हर उजवीकडून श्वास घेतो आणि डावीकडचं गेज हलतच नाही. काटा बराच वेळ जागचा हलला नाही तर तो चांगला नव्हे, संशयाचा इशारा समजा. पाण्यात उतरण्यापूर्वी बडीने (सोबतच्या डायव्हरने) तिन्ही खुणा बघाव्यात, कारण त्या मानेच्या मागे असतात आणि ज्याच्या पाठीवर टाकी आहे त्याला त्या दिसतच नाहीत. घासल्याची शंका आली की स्वतः हात मागे नेऊन उजवा, आयसोलेटर, डावा या क्रमाने तपासा.

डेको टाकीवर (डीकॉम्प्रेशनसाठी, म्हणजे टप्प्याटप्प्याने वर येताना वापरायच्या जास्त ऑक्सिजनच्या वेगळ्या टाकीवर) मात्र हिरवा म्हणजे बरोबर हा हिशेब उलटतो. ती आधी उघडून रेग्युलेटरमध्ये दाब भरायचा, मग व्हॉल्व्ह बंद ठेवून न्यायची. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली वापरायचा नसतो. ५० टक्क्यांच्या मिश्रणाची मर्यादा साधारण २१ मीटर. तिथे पोहोचेपर्यंत लाल हीच योग्य खूण. म्हणून बडीला ‘सगळं हिरवं आहे ना?’ असं विचारू नका. ‘पाठीवरचं तिन्ही हिरवं, डेको लाल’ असं पूर्ण म्हणून घ्या. लाल-हिरव्यात घोळ होणारे डायव्हर असतात, त्यांच्यासाठी हिरव्या बाजूला उठावाची छोटी पट्टी चिकटवा, हाताने कळते. दहा मीटरच्या खाली टॉर्चशिवाय लाल काळपट दिसतो, तेव्हा ही पट्टी इतरांनाही कामाची.

उजनीच्या फुगवट्यातल्या गढूळ, शेवाळलेल्या पाण्यात सराव करायचा ठरला तर रंगावर भरवसा ठेवूच नका, सगळं बोटांनी वाचा. (आणि उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे. ३०० मीटरच्या वर असल्याने डेकोचं नियोजन उंचीवरच्या डायव्हिंगचं करावं लागतं.)

सोलापुरातून मालवणला टाकी नेताना मे महिन्यातली उन्हात उभी गाडी विसरू नका. २५ अंशांना २०० बार भरलेली टाकी ६० अंशांना साधारण २२३ बार दाखवते. मार्करची रेघ या उन्हाने फिकी होते, टेपचा गोंद पाघळतो आणि सरकत्या पट्टीत अडकतो. काळ्या मातीची धूळही तिथेच साचते. कोणत्याही पट्टीवर तेल घालू नका. गोड्या पाण्याने धुवा. बोअरच्या कठीण पाण्याने पांढरा थर धरत असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा मारा.

नॉब सर्व्हिसिंगला काढल्यावर पट्टी एक फेरा चुकून बसली तर अर्धवट उघड्या व्हॉल्व्हलाही हिरवं दिसतं. जोडल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, लाल दिसतं का पाहा. मग टेपवरच्या आकड्याइतके फेरे उघडा. हिरवा नेमका शेवटच्या थांब्याला यायला हवा. त्याच्या आधीच आला, तर पट्टी पुन्हा काढून बसवा.