पोस्टडॉक निवडताना आम्ही काय बघतो

अमेरिकेत गणित आणि संख्याशास्त्रातल्या पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या जागेसाठी, अर्ज करायचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर. जागा पुढच्या ऑगस्टपासूनच्या असतात, पण जाहिराती तेव्हाच मॅथजॉब्ज या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर लागलेल्या असतात. आपल्याकडची बरीच मुलं प्रबंध जमा करून, व्हायव्हा उरकून मग शोधाशोध सुरू करतात आणि त्यात एक वर्ष हातचं जातं. प्रबंध अर्धा लिहून झाला असेल तरी अर्ज करा. जुलैपर्यंत काम पूर्ण होईल असं गाइडनी पत्रात स्पष्ट लिहिलं की आम्ही अर्ज विचारात घेतो.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते, निवड समितीवर बसते आणि पोस्टडॉक मुलामुलींबरोबर काम करते. पुणे-मुंबईहून येणारे अर्ज आवर्जून वाचते. त्यातल्या अनेकांचं गणित पक्कं असतं, तरी अर्ज मागे पडतो.

आधी जागेचा प्रकार ओळखा. विभागाची जागा साधारण दोन-तीन वर्षांची असते. वर्ग शिकवावे लागतात, पण संशोधनाचा विषय तुमचा. एमआयटीची मूर इन्स्ट्रक्टरशिप किंवा यूसीएलएची हेड्रिक ही यातली नावाजलेली उदाहरणं. दुसरी प्रकल्पाची जागा: पगार एका प्राध्यापकाच्या अनुदानातून, मुदतवाढ बहुधा वर्षावर्षानं, शिकवणं जवळपास नाही, आणि प्रश्न त्यांनी ठरवलेला. संख्याशास्त्रात, विशेषतः जैवसंख्याशास्त्रात, ही दुसरी जागा जास्त दिसते. अशा सगळ्या जागा मॅथजॉब्जवर येतातच असं नाही, म्हणून थेट मेल करायला संकोच करू नका. एनएसएफची (संशोधनाला अनुदान देणारी अमेरिकी सरकारी संस्था) स्वतःची पोस्टडॉक फेलोशिप मात्र अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठीच आहे, तिच्यामागे वेळ घालवू नका.

आता अर्जासोबत जोडायचं संशोधन-निवेदन. पीएचडीत काय केलं ते सगळेच लिहितात. मी शोधते ते पुढचं वाक्य: हे काम कुठे अडतं, आणि तिथून तुम्ही काय करणार? एका अर्जात उमेदवारानं कोव्हेरियन्स मॅट्रिक्सच्या (अनेक मोजमापं एकमेकांबरोबर कशी बदलतात याचा तक्ता) अंदाजावरचं आपलं प्रमेय मांडलं होतं. त्याखाली लिहिलं होतं की निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतक शेजारशेजारच्या पर्जन्यमापकांना लागू पडत नाही. मग सिद्धतेतली नेमकी कोणती असमानता तिथे तुटते ते दाखवून दुरुस्तीच्या दोन वाटा सुचवल्या होत्या. एवढा एकच परिच्छेद, पण हा माणूस स्वतः प्रश्न मांडू शकतो हे त्यातून कळलं. मुलाखतीतही आमचा भर यावरच असतो. गाइडनी दिलेला प्रश्न सोडवता येतो हे पीएचडीनं दाखवलेलंच असतं.

शिफारसपत्रांचं तेच. आपल्याकडून येणारी पत्रं बऱ्याचदा अर्ध्या पानाची असतात: मेहनती, नम्र, वर्गात पहिली. यातून आमच्या हाती काही लागत नाही. 'दुसऱ्या पेपरमधली मुख्य कल्पना तिची, मी फक्त तपासली' हे एक वाक्य फार मोलाचं ठरतं. तेव्हा पत्र मागताना सरांना किंवा मॅडमना कोणत्या पेपरात तुमचा वाटा काय होता याचं एक पान लिहून द्या. त्यात उद्धटपणा काही नाही. त्यांचं काम सोपं होतं.

निवड होत आली की प्रश्न विचारायची पाळी तुमची, आणि इथे आपली मुलं गप्प बसतात याचं मला फार वाईट वाटतं. पगार आणि व्हिसा विचारालच. त्यापलीकडे एक गोष्ट मागून बघा. एनएसएफकडे पोस्टडॉकसाठी पैसे मागताना प्राध्यापकाला मार्गदर्शनाचा एक पानी आराखडा जोडावा लागतो. तुमची जागा तशा अनुदानातली असेल तर 'तो वाचायला मिळेल का' असं नम्रपणे विचारा. पेपरवर नावांचा क्रम कसा ठरतो तेही विचारा: गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात, पण जैवसंख्याशास्त्रात पहिलं नाव कोणाचं याला फार महत्त्व असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: इथून जाताना या कामातला कोणता प्रश्न मी माझा म्हणून बरोबर नेऊ शकेन? याचं उत्तर टाळणाऱ्याकडे जाण्याआधी दहादा विचार करा. पुढे प्राध्यापकी मागताना तुम्हाला स्वतःचा विषय दाखवावा लागणार आहे.

दोन वर्षांची जागा प्रत्यक्षात वर्षभराचीच असते, कारण दुसऱ्या सप्टेंबरात तुम्ही पुन्हा अर्ज भरत असता. शिवाय संख्याशास्त्राच्या नियतकालिकांत परीक्षणाला अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त जातं. म्हणून मी येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात दोन कामं देते. एक छोटं, वसंत ऋतूपर्यंत अर्काइव्हवर (छापून येण्याआधीचे पेपर खुले ठेवणारं संकेतस्थळ) चढेल असं. दुसरं मोठं, ज्याची दिशा त्यानं स्वतः ठरवायची. दर आठवड्याला तासभर भेटतो. सुरुवातीला फळ्यावर मी लिहिते, पण दिवाळीच्या सुमारास खडू त्याच्या हाती गेलेला असावा असा माझा प्रयत्न असतो. ऑगस्टमधल्या जॉइंट स्टॅटिस्टिकल मीटिंग्ज या संख्याशास्त्राच्या वार्षिक संमेलनासाठी व्याख्यानाचा सारांश फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो, तोही त्याच्याच नावानं जातो.

परदेशी जायलाच हवं असं मुळीच नाही. एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळ) फेलोशिप आहे, बंगळुरूचं टीआयएफआर-कॅम, आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था), पुण्याचं आयसर अशा संशोधनसंस्था आहेत. भारत सरकारच्या राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपच्या अर्जात मार्गदर्शकाचं नाव आणि संमती आधीच लागते, त्यामुळे तिथेही माणूस निवडण्यापासूनच सुरुवात होते.

होकार कळवण्याआधी त्या प्राध्यापकांकडून बाहेर पडलेल्या एकदोघांना मेल करा. बहुतेक जण मोकळेपणानं उत्तर देतात. सर स्वभावानं कसे आहेत हे विचारण्यात अर्थ नाही. पहिला मसुदा दिल्यावर तो किती दिवसांनी वाचून परत आला, आणि आज तुम्ही ज्यावर काम करता तो प्रश्न तुम्हाला तिथे असताना सुचला होता का, एवढं त्यांना विचारा.