जनावराला कीटकनाशकाची विषबाधा झाली तर पशुवैद्य येईपर्यंत काय करावे

फवारणी झालेल्या बांधावरचं गवत, औषध कालवलेली बादली, गोठ्यात उघडी राहिलेली फोरेटच्या दाण्यांची पिशवी, गोचिडांसाठी अंदाजाने अंगाला चोळलेलं औषध. क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, प्रोफेनोफॉस अशी सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशकं बहुधा अशाच वाटांनी जनावराच्या अंगात जातात. पोटातून तर जातातच, कातडीतूनही भिनतात.

लक्षणं काही मिनिटांपासून काही तासांत दिसू लागतात. लाळेच्या तारा लोंबतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, शेण पातळ होतं, लघवी वारंवार होते, डोळ्याची बाहुली बारीक होते. नुसती लाळ पाहून लाळ्या-खुरकूत समजू नका. त्यात ताप असतो, तोंडात आणि खुरांत फोड येतात. इथे खांद्यावरची, मांडीवरची कातडी नीट पाहा. माशी बसल्यावर थरथरते तशी ती थरथरत राहते, पण माशी कुठेच नसते. नसांकडून स्नायूंना निरोप देणारं ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम या विषाने बंद पडतं, म्हणून निरोप थांबतच नाही. शेवटी छातीत स्राव साचतो, श्वासाचे स्नायू थकतात आणि जनावर गुदमरून दगावतं.

आधी फोन. संशय आला की लगेच पशुवैद्यांना बोलवा. डबा किंवा पिशवी सापडली तर लेबलवरचं घटकाचं नाव वाचून सांगा, जमल्यास फोटो पाठवा. कीटकनाशकांचे गट वेगळे, तसे उपचारही वेगळे. काही डब्यांत दोन गटांची मिश्रणंही असतात.

विषापासून तोडा. जनावर सावलीत, मोकळ्या हवेत न्या. गव्हाणीतला चारा आणि पाणी काढा. बाकीच्या जनावरांनाही तिथून हलवा, कारण त्यांनीही तेच खाल्लेलं असू शकतं.

अंगावर औषध असेल तर धुवा. हे विष माणसाच्या कातडीतूनही शिरतं, म्हणून आधी रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. साबण आणि भरपूर साध्या पाण्याने मानेपासून शेपटीपर्यंत धुवा. जोरात घासून कातडी सोलवटू नका. केस लांब असतील तर कापून टाका. धुतलेलं पाणी पिण्याच्या पाण्यात जाऊ देऊ नका.

तोंडातून काहीही पाजू नका. ताक, तेल, गूळपाणी, कुठलाही काढा, काहीही नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण कळवळ्यापोटी माणूस नेमकं हेच करायला धावतो. लाळ गाळणाऱ्या, थरथरणाऱ्या जनावराला नीट गिळता येत नाही. पाजलेलं फुफ्फुसात उतरतं आणि आधीच अडलेला श्वास आणखी अडतो. पोटातलं विष धरून ठेवणारी कोळशाची पूड, म्हणजे सक्रिय कोळसा, उपयोगी पडतो, पण तो पशुवैद्यांनी पोटात नळी घालून द्यावा.

श्वासाची वाट मोकळी ठेवा. जनावर आडवं पडलं असेल तर आधार देऊन छातीवर बसवा. नाकपुडी खाली झुकलेली ठेवा, म्हणजे लाळ बाहेर पडेल. पोट फुगतंय का, हे बघत राहा.

पशुवैद्य ॲट्रोपिन हे या विषावरचं उताऱ्याचं इंजेक्शन देतात. त्याचा डोस वजनावर ठरतो आणि जास्त झाल्यास कोठीपोटाची हालचाल बंद पडून पोट फुगतं, म्हणून ते स्वतः टोचू नका. ॲट्रोपिनने लाळ आटते, श्वास सुटतो, पण स्नायूंची थरथर थांबत नाही. ती दिसली म्हणून औषध फुकट गेलं असं नाही. थरथर आणि अशक्तपणासाठी प्रॅलिडॉक्झिम असतं, पण ते लवकर दिलं तरच नीट चालतं. फोन आधी करायचा तो यासाठीच.

जनावर उठून उभं राहिलं तरी दोन दिवस नजर ठेवा. ॲट्रोपिनचा असर काही तासांत ओसरतो आणि पोटात विष उरलेलं असेल तर लक्षणं परत येतात. पशुवैद्य सांगतील तितके दिवस दूध माणसांनाही नको, वासरालाही नको. जनावर दगावलंच, तर पशुवैद्यांना नमुने घेऊ द्या आणि मग विहिरी-ओढ्यापासून लांब खोल पुरा. मांस किंवा कातडी कुणालाही देऊ नका, कुत्र्यांनाही उकरू देऊ नका.