जुन्या कॅम्पर व्हॅनमधील विजेचे बिघाड शोधताना या चुका टाळा

जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये दोन निरनिराळी वायरिंग एकत्र नांदत असतात. एक कारखान्यात बसवलेले, ज्याचा आराखडा शोधल्यास मिळू शकतो. दुसरे मागच्या राहत्या भागाचे, ज्यात आधीच्या प्रत्येक मालकाने आपल्या सोयीप्रमाणे दिवा, पंप किंवा चार्जिंगचे सॉकेट जोडलेले असते आणि ज्याचा आराखडा बहुधा कोणीच कागदावर उतरवलेला नसतो. दिवे मंदावले, फ्रिज बंद पडला किंवा सकाळी इंजिन सुरू झाले नाही, की पहिला संशय बॅटरीवर घेतला जातो आणि नवी बॅटरी आणली जाते. ती काही दिवस उत्तम चालते, कारण नव्या बॅटरीची ताकद जुना दोष झाकून ठेवते. पुढे तीही उतरू लागते. अशा गाडीत दोष आधी जोडांमध्ये आणि अर्थिंगमध्ये (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या जोडणीत) शोधावा आणि उपकरणांवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

भार न देता घेतलेले माप

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. पाण्याचा पंप चालत नाही म्हणून त्याच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावला जातो, त्यावर १२.६ व्होल्ट दिसतात आणि ‘वीज पोहोचते आहे, म्हणजे पंपच गेला’ असा निष्कर्ष निघतो. परंतु मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही; त्यामुळे आतल्या तारांपैकी एकच तार शाबूत असलेली किंवा गंजलेल्या लगमध्ये (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडात) जेमतेम टेकलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. त्याच वायरीतून पंपाला लागणारे चार-पाच अँपिअर जाऊ लागले, की व्होल्टेज कोसळते.

म्हणून माप नेहमी उपकरण जोडलेले आणि चालू ठेवूनच घ्यावे. मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी पंपाच्या धन टोकावर ठेवली, तर जो आकडा दिसतो तेवढे व्होल्टेज मधल्या वायर, फ्यूज आणि स्विचमध्ये वाया जात आहे, असे समजावे. हेच ऋण बाजूलाही करावे. ऋण बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा अधिक किंवा दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक घट असेल, तर पंपाला हात न लावता दुसरी पिन एकेक जोड मागे सरकवत न्यावी. ज्या जोडापाशी आकडा एकदम खाली येतो, त्याच्या पुढच्याच तुकड्यात दोष असतो. मीटर वाचण्याचा कंटाळा असेल, तर इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब दोन वायरींना जोडून टेस्ट लॅम्प म्हणून वापरावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि दुबळ्या वायरीवर मंद पेटून खरे काय ते सांगतो. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटच्या वायरींवर मात्र हा बल्ब लावू नये.

बॅटरीच्या मापातही अशीच घाई होते. गाडी थांबवल्याबरोबर मोजलेले व्होल्टेज फसवे असते. बॅटरीला काही तास विश्रांती देऊन मोजावे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिकामी. हे आकडे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला लागू पडत नाहीत, तिच्यावर १२.८ व्होल्ट दिसू लागले, तर तिच्यातील बहुतेक वीज संपलेली असते.

अर्थिंगकडे दुर्लक्ष

ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मिणमिणत असेल, तर बल्ब बदलून उपयोग नाही. दिव्याच्या अर्थिंगचा रस्ता गंजाने अडलेला असतो आणि करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढत असतो. अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा पत्रा रंग आणि गंज जाऊन चकाकेपर्यंत घासावा, लग स्वच्छ करून घट्ट आवळावा आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी. लाकडी किंवा फायबरच्या भागात बसवलेल्या उपकरणाला तर बॉडीचा आधारच नसतो, त्यामुळे त्याची ऋण वायर थेट बॅटरीपर्यंत किंवा सामाईक पट्टीपर्यंत आणावी लागते.

इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी जाड अर्थिंग पट्टी अनेकांच्या लक्षातच येत नाही. ती तुटत आली, की स्टार्टर जड फिरतो आणि त्याचा प्रचंड करंट अ‍ॅक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून परत जाऊ पाहतो. स्टार्टर मारल्यावर अशी केबल गरम लागली, तर नवा स्टार्टर विकत घेण्याआधी ही पट्टी पाहावी.

फ्यूज वाढवणे

१० अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून २० चा घालणे हा आगीला दिलेला परवाना आहे. फ्यूज उपकरणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो आणि तो वाढवला, की वितळण्याची पाळी वायरीवर येते. शॉर्ट शोधताना एकामागून एक फ्यूज जाळण्यापेक्षा फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब जोडावा आणि त्या सर्किटमधील उपकरणे बंद ठेवावीत. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण तेजाने पेटतो; मग वायरीचा गुच्छ ठिकठिकाणी हलवत जावे. ज्या जागी हलवल्यावर बल्ब विझतो, तेथेच इन्सुलेशन सोललेले असते आणि ते बहुधा पत्र्याच्या धारदार भोकात निघते. जुन्या युरोपीय गाड्यांमधील टोकदार सिरॅमिक फ्यूज आतून शाबूत असूनही दोन्ही टोकांच्या ऑक्साइडमुळे करंट अडवतात. ते काढून टोके आणि पकड दोन्ही घासावीत. राहत्या भागाला वीज देणाऱ्या मागच्या बॅटरीच्या धन टोकाजवळच मुख्य फ्यूज नसेल, तर बाकीची सगळी दुरुस्ती थांबवून तो आधी बसवावा.

बारीक वायर

फ्रिज अधूनमधून आपोआप बंद होतो, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा वायरीच्या जाडीत असते. फ्रिज बॅटरीपासून ५ मीटरवर आहे, वायर १.५ चौरस मिलिमीटरची आहे आणि करंट ८ अँपिअर आहे, असे धरले तर जाऊन-येऊन १० मीटर तांब्यात सुमारे ०.९ व्होल्ट वाया जातात. बॅटरी निम्मी असताना एवढी घट झाली, की कॉम्प्रेसरचा कमी-व्होल्टेज बचाव त्याला बंद करतो आणि दोष मात्र फ्रिजला दिला जातो. तेथे ६ चौरस मिलिमीटरची वायर घातली, तर घट पाव व्होल्टच्या आत राहते. मुख्य तारेला टोचून बसणारे दाबाचे जोड आणि पिळून टेप गुंडाळलेले जोड दिसतील तेथे काढून टाकावेत व योग्य मापाचे लग नीट क्रिम्प करावेत, म्हणजे अवजाराने दाबून बसवावेत. डाग दिलेले (सोल्डर केलेले) जोड चांगले दिसतात, परंतु कंपनाने तार डागाच्या कडेलाच तुटते.

बॅटरी रात्रीतून उतरणे आणि चार्ज न होणे

सर्व बंद असताना ऋण टोक सोडवून मध्ये अँमीटर लावावा. या अवस्थेत इंजिन सुरू करू नये, अन्यथा मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरच्या आत करंट असेल, तर चिंता नसते. अर्धा अँपिअर असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. फ्यूज एकेक काढून दोषी सर्किट सापडते. एकही फ्यूज काढल्याने आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) जाड वायर सोडवून पाहावी, कारण त्याचे डायोड गळू लागले, तर तो दोष फ्यूजच्या पेटीत दिसत नाही.

इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे. पुढच्या बॅटरीचे व्होल्टेज वाढते आणि मागचीचे नाही, तर दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले (विजेने चालणारा स्विच), त्याचा फ्यूज आणि त्याची अर्थिंग तपासावी. दोन्हींचे वाढत नसेल, तर अल्टरनेटर काढण्यापूर्वी किल्ली फिरवून डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पेटतो का, ते पाहावे. अनेक जुन्या गाड्यांत त्याच बल्बमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो आणि बल्ब उडालेला असेल, तर अल्टरनेटर जागाच होत नाही.

रंगांवर विश्वास

वायरीच्या रंगावरून अंदाज बांधण्याची चूक प्राणघातक ठरू शकते. जर्मन वाहनांमध्ये तपकिरी वायर म्हणजे अर्थिंग. युरोपीय पद्धतीच्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये तपकिरी वायर म्हणजे फेज, आणि कॅम्परमध्ये या दोन्ही वायरी एकाच कपाटामागे असू शकतात. म्हणून प्रत्येक वायर मीटरने ओळखावी आणि तिच्यावर चिठ्ठी लावावी. कामाला हात घालण्यापूर्वी बाहेरून आलेली केबल गाडीच्या बाजूने नव्हे, तर पुरवठ्याच्या टोकाला काढावी आणि इन्व्हर्टरही बंद करावा, कारण बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर बाहेरची केबल नसतानाही २३० व्होल्ट तयार करत असतो. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे.