वेंगुर्ल्याला निघण्याआधी

बेळगावातून हिंडलग्याकडं जाताना आपण रोज ‘वेंगुर्ला रोड’ म्हणतो, पण शिनोळीच्या पुढं त्या रस्त्यानं गेलेले आपल्या गल्लीत मोजकेच. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या कॅम्पचा माल बोटीनं वेंगुर्ल्याला उतरायचा आणि बैलगाड्यांतून घाट चढून वर यायचा. रस्त्याला नाव पडलं ते त्यामुळं.

तारीख धरताना रविवार नंतर बघा, आधी तिथी बघा. कोकणातला हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे ऐन सूर्यास्ताला पाणी वर. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, मग संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या सागरेश्वर किनाऱ्याची वाळू मोकळी मिळते. आम्ही एकदा अष्टमीला गेलो, चपला वाळूवर काढल्या आणि भेळ खात बसलो. परतताना दोघं अनवाणी. जून-जुलैत जाऊ नका. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, ताज्या मासळीची आशा नको. शिवाय आंबोलीच्या धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते ती वेगळीच.

घाट लागणाऱ्यांसाठी आवळासुपारी आणि रिकाम्या पिशव्या पुढच्या सीटवरच ठेवा, डिकीत नको. धुकं असतं, तेव्हा गाडीचे दिवे आदल्या दिवशी तपासा. कुणाकडं उतरणार असाल तर कुंदा न्या. रिकाम्या हातानं गेलेला बेळगावकर शोभत नाही.

पोरांना थोडं आधी सांगून ठेवा, नाहीतर डचांची वखार म्हणजे त्यांना नुसत्या पडक्या भिंती. सतराव्या शतकात डच इथून व्यापार करायचे. 1812 मध्ये सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांनी घेतलं. दुसरा दिवस हाताशी असेल तर शिरोड्याला जा. 1930 चा मिठाचा सत्याग्रह तिथलाच. पुढं रेडीचा गणपती, 1976 साली खाणीत सापडलेला. मूर्ती दोन हातांची आहे, नीट बघा. तिथं फार वेळ लागत नाही.

काजू घ्यायचे तर ‘वेंगुर्ला 4’, ‘वेंगुर्ला 7’ या जातींची नावं कानावर पडतील. त्या इथल्याच फळसंशोधन केंद्राच्या. आणि घट्ट झाकणाचा एक डबा रिकामा न्याच. सुकी मासळी वर्तमानपत्रात बांधून आणली होती, तर पुढं महिनाभर गाडीत बसायला कुणी तयार नव्हतं.